रंगमंचावरच्या नशेचं सामान भाड्याने: जळगावातल्या ‘व्यसन पेटी’चं परीक्षण

जुन्या जळगावातल्या नाट्यसाहित्याच्या एका दुकानात मुकुट, तलवारी, दाढ्या-मिशा आणि पगड्यांच्या रांगेत एक पत्र्याची पेटी ठेवलेली असते. दारू, गांजा, भांग, अफू यांपैकी काहीही रंगमंचावर दाखवायचं असेल तर लागणारं सगळं सामान त्या पेटीत एकत्र मिळतं. दुकानदार तिला ‘व्यसन पेटी’ म्हणतात. तीन दिवसांचं भाडं ७०० रुपये, अनामत २,००० रुपये. धुळे, नंदुरबार, चोपडा, शहादा इथल्या मंडळांना पेटी एसटी पार्सलने पाठवली जाते. पार्सलचा खर्च मंडळाचा.

हौशी नाटकात दारूचा प्रसंग बहुतेक वेळा सर्वांत स्वस्तात उरकला जातो. कुणाच्या तरी घरातली शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली, त्यात चहा, स्टीलचा पेला, आणि नट पहिल्या घोटाला झोकांड्या खातो. खानदेशातल्या प्रेक्षकाला हे चालत नाही. त्याने खरा पिणारा घरात, गल्लीत, सारंगखेड्याच्या यात्रेत पाहिलेला असतो. खोटं दिसलं की मागच्या रांगेतून अहिराणीत शेरा येतो आणि प्रसंग तिथेच बसतो. म्हणून ही पेटी तपासून बघण्यासारखी आहे. तिच्यातलं काही सामान फार विचार करून जमवलेलं आहे, काही घाईत भरलेलं आहे.

आधी बाटल्यांचं. पेटीत ७५० मिलीचे दोन खंबे, १८० मिलीच्या दोन क्वार्टर, एक जुन्या घाटाची बुचाची बाटली आणि एक गोटी सोड्याची बाटली आहे. सगळ्या काचेच्या, आणि हीच पेटीची सर्वांत मोठी जमेची बाजू. ७५० मिलीची रिकामी काचेची बाटली साधारण अर्धा किलोची असते, प्लॅस्टिकची जेमतेम काही ग्रॅमची. काचेची बाटली उचलताना मनगट आपोआप ताठ होतं, टेबलावर ठेवली की ठक्क असा आवाज येतो, ओतताना गळ्यातून गुळगुळ होते. प्लॅस्टिकची बाटली नट कितीही जपून उचलो, हात हवेत वर जातो आणि प्रेक्षकाला वजनातला खोटेपणा कळतो. प्लॅस्टिकच वापरायची वेळ आली तर ती किमान अर्धी तरी भरलेली ठेवावी.

बाटल्यांवरची लेबलं दुकानदारांनी स्वतः छापून घेतली आहेत. नावं काल्पनिक आहेत, ते बरोबरच आहे. खऱ्या कंपनीचं लेबल रंगमंचावर दिसणं कुणाच्याच सोयीचं नसतं. पण लेबलाचा कागद चकचकीत आहे. समोरून स्पॉट पडला की तो आरशासारखा चमकतो आणि बाटलीतल्या पातळीकडे कुणाचं लक्षच जात नाही. लेबलावर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवला की चमक मरते. दोन्ही खंब्यांना ॲल्युमिनियमची फिरकीची टोपणं आहेत. आजच्या काळातल्या नाटकाला ती चालतात, जुन्या नाटकाला अजिबात नाही.

‘एकच प्याला’ करणाऱ्या मंडळांनी म्हणूनच त्या बुचाच्या बाटलीकडे नीट बघावं. या नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले आणि त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. पदं वि. सी. गुर्जरांची, दारूपायी बुडणारा सुधाकर गणपतराव बोडसांनी केला आणि त्याची बायको सिंधू बालगंधर्वांनी. ज्या बालगंधर्वांनी लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आज याच गावात आहे. तेव्हा जळगावच्या मंडळाने तरी सुधाकराच्या हातात फिरकीच्या टोपणाची बाटली देऊ नये. तो वकील आहे, त्याच्याकडे येणारी दारू बुचाची, कागदी लेबलाची आणि जाड हिरव्या किंवा तपकिरी काचेची असणार. पेटीतली जुनी बाटली हिरवी आहे, घाट चांगला आहे, पण बूच रबराचं निघालं. खरं लाकडी बूच बाजारात दहा-पंधरा रुपयांना मिळतं. ते घ्यावं, वरच्या कडेला मेण लावावं आणि पहिल्या प्रवेशात ते दातांनी उपटू नये. वकिलाच्या घरात बूच काढायचा स्क्रू असतो, आणि तो पेटीत नाही. हा स्क्रू पेटीत असायलाच हवा.

गोटी सोड्याची बाटली मात्र अस्सल आहे. ही बाटली १८७० च्या दशकात इंग्लंडात निघाली, म्हणजे गडकऱ्यांच्या काळाला ती पूर्ण शोभते, आणि खानदेशात गोटी सोडा अजून मिळत असल्यामुळे ती भरून घेणंही अवघड नाही. आर्य-मदिरा-मंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या पिणाऱ्यांच्या सभेच्या, प्रवेशात गोटी आत ढकलल्याचा तो फटकन होणारा आवाज मिळाला तर संवाद सुरू व्हायच्या आधीच सभा भरल्यासारखी वाटते. गोटी अंगठ्याने ढकलू नका, लाकडी ठोकणीने ढकला; अंगठा घसरून काचेवर कापतो.

आता बाटलीतला द्रव. इथे बहुतेक मंडळांचं चुकतं, आणि पेटीचं सर्वांत उपयोगी सामानही इथेच आहे. ते म्हणजे जळक्या साखरेचा १०० मिलीचा अर्क.

कोरा चहा हा सगळ्यांचा आवडता उपाय. त्याच्यात तीन अडचणी आहेत. एक, जळगाव-भुसावळकडच्या जड बोअरच्या पाण्यात चहा काळपट होतो आणि वर तेलकट तवंग येतो. लिंबाचे दोन थेंब टाकले की रंग उजळून व्हिस्कीजवळ येतो, पण तिसऱ्या-चौथ्या थेंबाला तो पिवळा पडतो. दोन, कडक चहा फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो, कारण थंडाव्यात त्यातलं टॅनिन आणि कॅफीन एकमेकांना धरून बसतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना संध्याकाळी ताकासारखी व्हिस्की मिळते. तीन, कॅफीन. सुधाकरासारख्या भूमिकेत नट प्रयोगभर दहा-बारा वेळा ग्लास तोंडाला लावतो. प्रत्येक वेळी १५० मिली चहा पोटात गेला तर दीड लिटरच्या वर होतो; छाती धडधडते आणि मध्यंतराआधीच नट विंगेतून स्वच्छतागृहाकडे धावतो.

जळक्या साखरेच्या अर्काला या तिन्ही अडचणी नाहीत. तो गढूळ होत नाही, जड पाण्यात रंग बदलत नाही, त्यात कॅफीन नाही. पेटीतली बाटली एका प्रयोगाला पुरते. जास्त प्रयोग असतील तर घरी करून ठेवावा. जाड बुडाच्या कढईत २०० ग्रॅम साखर कोरडीच मंद आचेवर वितळवायची. आधी सोनेरी, मग तांबूस, मग गडद तपकिरी होते. धूर सुटायला लागला की गॅस बंद करून २०० मिली उकळतं पाणी कडेकडेने सोडायचं. गार पाणी टाकलं तर साखर उसळते आणि हात भाजतो, म्हणून पाणी उकळतंच हवं आणि हात लांब हवा. गाळून, बाटलीत भरून ठेवला की महिनाभर टिकतो. लिटरभर पाण्याला दोन-तीन चमचे घातले की व्हिस्की, दुप्पट घातले की रम. रंग बघत बघत घालावा, कारण साखर किती जळली त्यावर सगळं अवलंबून असतं. चव थोडी कडवट असते, त्यामुळे पहिल्या घोटाला नटाचा चेहरा न सांगता वाकडा होतो. तो वाकडा चेहरा पहिल्या प्रवेशापुरता ठेवावा. रोज पिणारा माणूस तोंड वाकडं करत नाही.

रंग जुळवताना ट्यूबलाइटखाली जुळवू नका, नाट्यगृहातल्या दिव्याखाली बघा. रात्रीच्या प्रवेशाला निळा वॉश, म्हणजे मंचभर पसरणारा निळा उजेड, दिला की ही तांबूस दारू काळी दिसते, कारण तांबूस द्रव निळा प्रकाश शोषून घेतो. मग प्रेक्षकाला वाटतं, हा कोला पितोय. यावर उपाय म्हणजे बाटलीच्या मागून, टेबलाच्या पातळीवरून एक छोटा पिवळा दिवा द्यायचा. मागून उजेड मिळाला की बाटली पेटल्यासारखी दिसते आणि पातळी शेवटच्या रांगेपर्यंत कळते. जळगावच्या बंदिस्त नाट्यगृहात टेबलाखाली असा दिवा लपवणं सहज जमतं. गावातल्या पटांगणावर जमेलच असं नाही. तिथे टेबलावर पांढरं कापड घालावं.

पेटीतले ग्लास जाड बुडाचे आहेत, ही निवड चांगली. ४० मिलीसुद्धा त्यात भरलेलं दिसतं. हिशेब सरळ आहे: छोटा पेग ३० मिली, मोठा ६० मिली, बाकी सोडा किंवा पाणी. एका प्रयोगाला नटाच्या पोटात अर्धा लिटरपेक्षा जास्त जाऊ नये, एवढं धरून प्रत्येक वेळी किती ओतायचं ते तालमीतच ठरवावं. ग्लास मात्र सहाच आहेत. आर्य-मदिरा-मंडळासाठी ते पुरत नाहीत, जादा ग्लास वेगळे मागावे लागतात आणि ते पातळ बुडाचे येतात. दोन्ही प्रकार एकाच टेबलावर ठेवले की पातळ ग्लासवाल्याने कमी प्यायल्यासारखं दिसतं.

बर्फाचे बारा खडे पारदर्शक ॲक्रिलिकचे आहेत आणि दिसायला सुंदर आहेत. पण ॲक्रिलिक पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते तळाला जाऊन बसतात. खरा बर्फ तरंगतो. पहिल्या तीन रांगांना हा फरक लगेच दिसतो, शॉर्ट फिल्मच्या कॅमेऱ्याला तर त्याहून आधी. शिवाय घाईने घोट घेताना खडा घशाकडे जायची भीती असते. म्हणून हे खडे फक्त बर्फाच्या भांड्यात, शोभेसाठी वापरावेत. ग्लासात टाकायला प्रयोगाच्या दिवशी खरा बर्फ थर्मासमध्ये ठेवावा आणि अगदी प्रवेशाच्या आधी काढावा.

बीअर दाखवायची असेल तर पेटीत काही नाही. सफरचंदाचं गॅसवालं पेय चालतं; फेस हवा असेल तर ओतायच्या क्षणी चिमूटभर मीठ टाकायचं, फेस उसळतो आणि दोन-तीन मिनिटांत बसतो, म्हणून संवाद त्या हिशेबाने आखावेत. वाइनसाठी द्राक्षाचा रस एकास एक पाणी घालून घ्यावा. नायिकेच्या पांढऱ्या साडीवर सांडणार असेल तर हा रस टाळावा, डाग जात नाही.

महूच्या दारूबद्दल पेटी अगदीच कच्ची आहे, आणि खानदेशात हा दोष मोठा ठरतो. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल आणि पावरा समाजात महूची दारू लग्नात, मरणात, होळीत, देवाला आणि पितरांना लागते. जमिनीवर धार टाकल्याशिवाय पहिला घोट घेत नाहीत. ज्या नाटकात हा प्रसंग आहे, त्याच्या नटाने धार न टाकता पेला उचलला तर अक्कलकुवा-धडगावकडचा प्रेक्षक नाटकातून उठून जाईल. महूची दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. पेटीबरोबरच्या कागदावर तिला ‘फिकट तांबूस’ म्हटलं आहे, ते चुकीचं आहे. साधं पाणी वापरा, द्रोण पळसाच्या पानाचे ठेवा, आणि पेला द्यायचाच तर मातीचा किंवा जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) द्या. या रंगहीन दारूत नटाला रंगाची मदत नसते. म्हणून वासाचा अभिनय करावा लागतो: द्रोण तोंडाजवळ येताना मान किंचित मागे जाते, श्वास रोखला जातो, मग घोट.

भट्टीचा सेट वेगळ्या ३०० रुपयांना मिळतो: दोन मडकी, एक बांबूची नळी, एक पितळी तपेलं. मडक्यांवर चुन्याच्या रेघा मारून ती सजवली आहेत. भट्टीचं मडकं धुराने काळं झालेलं असतं, सजवलेलं नसतं. काजळी आणि शेणमातीचा हात फिरवून घ्यावा, पेटी परत करताना पुसून द्यावा. दुकानदारांची त्याला हरकत नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस भिल्लांमध्ये दारूबंदीची जी आप चळवळ उभी केली, तिच्यावर नाटक करणाऱ्यांना हा सेट लागणारच. त्या नाटकात मडकं फोडायचा प्रसंग असेल तर भाड्याचं मडकं फोडू नका. कुंभाराकडून कच्चं, कमी भाजलेलं मडकं घ्या. ते एका काठीत फुटतं आणि त्याचे तुकडे बोथट असतात. पक्कं भाजलेलं मडकं चार काठ्या खातं, आणि तुकडे प्रेक्षकांत उडतात.

बाटली फोडायची असेल तर दुकानदार साखरेची बाटली ऑर्डरवर करून देतात, एका बाटलीचे ४५० रुपये. साखर, लिक्विड ग्लुकोज आणि पाणी १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यात ओतलेली ही बाटली दिसायला खरी वाटते आणि हाताच्या दाबाने फुटते. पण ती हवेतला ओलावा ओढते. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत दोन दिवस टिकते. जुलैमध्ये संध्याकाळपर्यंत चिकट होते आणि फुटायच्या ऐवजी वाकते. मे महिन्याच्या ४४ अंशांत तिचा खांदाच बसतो. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, फ्रिजमध्ये नाही, कारण बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. टेबलाच्या कडेवर किंवा भिंतीवर फोडावी. माणसाच्या डोक्यावर फोडू नये, कारण साखरेचीही कड धारदार असते. प्रयोगानंतर मंच ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर दुसऱ्या अंकात नाचणाऱ्यांचे पाय चिकटतात आणि रात्रीतून मुंग्या येतात. तालमीत एक बाटली फोडून बघणं आवश्यक आहे, म्हणजे किमान दोन मागवाव्या लागतात. हा खर्च मंडळांनी आधीच धरावा.

चिलमीकडे येऊ. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये सखाराम आणि दाऊद चिलीम ओढतात, मृदंग वाजतो. हा प्रसंग चिलमीशिवाय होत नाही. पेटीतल्या दोन्ही चिलमी मातीच्या, चांगल्या वजनाच्या आहेत, पण दोन्ही आरपार पोकळ आहेत. त्यात काहीही पेटवलं तर धूर नटाच्या फुफ्फुसात जाणार. चिलमीच्या तोंडापासून दोन बोटं आत ओल्या मातीचा घट्ट बोळा बसवावा, वाळू द्यावा, वरच्या भागात धुपाचा छोटा तुकडा ठेवावा. धूर वर जातो, ओढण्याचा नुसता अभिनय होतो. तोंडातून धूर सोडल्यासारखं दाखवण्यासाठी मान बाजूला वळवावी, आणि मागच्या बाजूने दिवा द्यावा म्हणजे चिलमीचा धूर चेहऱ्याभोवती दिसतो. छापीही द्यायला हवी होती; चिलमीला ओला फडका गुंडाळल्याशिवाय कुणी ती तोंडाला लावत नाही, आणि पकड दोन्ही हातांच्या मुठीची असते, सिगारेटसारखी दोन बोटांची नसते.

पेटीत खोट्या सिगारेटींचं एक पाकीट आहे, जादूगार वापरतात तसलं, आत पावडर भरलेलं. यात फुंकायचं असतं, ओढायचं नसतं. नवखा नट ताणात विसरतो आणि पावडर फुफ्फुसात ओढतो. खोकला सुटला की प्रवेश बुडतो, आणि टाल्कम फुफ्फुसाला वाईटच. आमच्या मते हे पाकीट पेटीतून काढून टाकावं. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर २०१९च्या कायद्याने देशात बंदी आहे, ती पेटीत नाही हे योग्यच. ज्यांना शॉर्ट फिल्म करायची आहे, त्यांनी तंबाखूच्या दृश्याखाली आरोग्याचा इशारा दाखवण्याचा नियम आधी वाचून घ्यावा. २०२३पासून तो ओटीटीलाही लागू आहे.

सुरई एकच आहे, पितळी. ‘विद्याहरण’सारख्या पौराणिक नाटकात शुक्राचार्यांना ती चालून जाते. कवी माधव जूलियनांच्या रुबायांच्या वाचनाला मात्र तिचा चकाकता पिवळा रंग खुपतो. तिथे मातीची किंवा निळ्या काचेची लांब मानेची सुरई हवी.

पेटीबरोबर येणारा छापील कागद हा या सेवेचा सर्वांत वेगळा भाग आहे. एका पानावर तक्ता आहे: दारू, गांजा, भांग, अफू, आणि प्रत्येकाखाली डोळे, जीभ, हात, चाल. नाट्यसाहित्य भाड्याने देणाऱ्याने अभिनयाची टिपणं द्यावीत, ही कल्पनाच मोलाची आहे, म्हणून त्यातलं बरोबर-चूक नीट सांगायला हवं.

दारूचा रकाना उत्तम आहे. पिणारा माणूस आपण शुद्धीत आहोत हे दाखवायला धडपडतो, हे पहिलंच वाक्य सोन्यासारखं आहे. सरळ चालण्यापेक्षा वळताना तो जास्त अडखळतो, हेही खरं, कारण तोल सांभाळणारा लहान मेंदू दारूने ढिला पडतो. पाय रुंद टाकले जातात, मान वळते आणि नजर मागून येते. संवादात ‘श’ आणि ‘स’ जाड होतात, ‘र’ ओढला जातो, ‘ळ’ जिभेला सापडत नाही. घोट घेतल्यापासून नशा चढायला वेळ लागतो, हेही तक्त्यात आहे. अर्धा तास ते दीड तास हा काळ नाटकात प्रवेशांच्या मधल्या अंधारात धरावा. सुधाकराच्या उतरत्या काळासाठी एक गोष्ट तक्त्यात घालायला हवी. रोज पिणाऱ्याचा हात दारू न मिळाल्याने सकाळी थरथरतो आणि पहिल्या घोटानंतर शांत होतो. म्हणून शेवटच्या भागात ग्लास अर्धाच भरावा, दोन्ही हातांनी धरावा, पहिला घोट टेबलाकडे वाकून घ्यावा आणि दुसरा ताठ बसून. शेवटचा विष मिसळलेला प्याला उचलताना हात स्थिर असेल तर सुधाकराने ठरवून तो उचलला हे प्रेक्षकाला शब्दाशिवाय कळतं.

गांजाचा रकाना बरा आहे: लाल डोळे, कोरडं तोंड, लांबलेलं हसू, वाक्य अर्ध्यात विसरणं. लाल डोळ्यांसाठी बाम किंवा कांदा लावू नये; खालच्या पापणीच्या बाहेरच्या कडेला लाल पेन्सिलीची बारीक रेघ पुरते.

भांगेचा रकाना चुकला आहे. दहा मिनिटांत चढते असं लिहिलंय. भांग पोटातून चढते, तिला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, आणि होळीच्या प्रसंगातली खरी गंमत तिथेच असते. ‘काहीच झालं नाही’ म्हणत माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. भांगेसाठी दुधात पालकाच्या रसाचे चार थेंब पुरतात. दूध दिव्यांच्या उन्हात नासतं म्हणून ते अगदी प्रवेशाच्या तोंडावर ओतावं.

अफूचा रकाना सर्वांत वाईट. डोळे लाल आणि बाहुल्या मोठ्या असं दिलंय. प्रत्यक्षात अफूने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगाला आणि नाकाला खाज सुटते, माणूस पेंगतो आणि हाक मारली की एकदम शुद्धीत उत्तर देतो. नाक चोळणं आणि पेंगणं, एवढ्या दोन खुणांवर अफूबाज उभा राहतो. राजपूत दरबाराच्या नाटकात कसुंबा, म्हणजे पाण्यात कालवलेली अफू, दाखवायचा असेल तर तो वाटीतून देऊ नये. यजमान आपल्या तळहातावर घेतो आणि पाहुण्याला तिथूनच पाजतो. दुकानदारांना या चुका दाखवल्या तर ते नवा कागद छापतील असं वाटतं, कारण टेबलावर कच्च्या दुरुस्त्यांचा जुना कागद पडलेला असतो.

चखण्याची एक सूचना. जळगावात केळ्याचे वेफर हातासरशी मिळतात, म्हणून मंडळं तेच ठेवतात. कोरडा वेफर संवादाच्या मध्यात घशात अडकतो. उकडलेले, सोललेले शेंगदाणे ठेवावेत. ते बिनआवाजाचे असतात आणि पटकन गिळले जातात. खरी दारू मात्र कोणत्याही कारणाने विंगेतसुद्धा आणू नये. १९४९चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा (पूर्वीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा) लागू आहे, नाट्यगृहाची परवानगी जाऊ शकते, आणि खरा प्यायलेला नट दारुड्याची भूमिका सर्वांत वाईट करतो.

अनामत परत मिळण्याबद्दल दोन तक्रारी आहेत. ग्लास फुटला तर २५० रुपये कापतात, जे बाजारभावाच्या दुप्पट आहे. आणि पेटी परत उशिरा आली तर भाडं दिवसाने वाढतं, मग एसटी उशिरा आली तरीही. नंदुरबार-शहाद्याच्या मंडळांनी पेटी प्रयोगाच्या दोन दिवस आधी मागवावी आणि ते दोन दिवस भाड्यात धरू नयेत असं बुक करतानाच लिहून घ्यावं. पेटी हातात आल्यावर बाटल्या, ग्लास आणि गोटीच्या बाटलीचा मोबाइलवर फोटो काढून दुकानदारांना पाठवावा. राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत पेटी एकच असल्याने दीड महिना आधी नोंद लागते. त्या वेळी पेटी मिळाली नाही तर नुसत्या बुचाच्या आणि गोटीच्या बाटल्या सुट्या मागाव्यात; त्या दोघी मिळून १५० रुपयांना देतात.